गाडी दारापर्यंत येते

देवनहळ्ळी
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

वन्सं,

वाकून नमस्कार केला असं समजा. खरोखरीच वाकले तर उठवायला घरात कुणी नाही. प्रदीप आणि विद्याश्री ऑफिसला, निधी कॉलेजला. दिवसभर मी आणि फ्रीज. तो निदान मधूनमधून गुरगुरतो तरी, मला तेही कारण नाही.

फोन केला असता, पण तुम्ही "कोण? कोण?" करता आणि ठेवून देता. कानाचं मशीन घ्या म्हटलं की चिडता. म्हणून नातीकडून पोस्टाची पाकिटं आणवली. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, पोथीवर बोट ठेवून शिकलेलं. शाळेत मी गेले ती धाकट्या भावाला पोचवायला. चुकलं तर हसा, पण वाचा.

बातमी अशी की मला गाडी आली! माझ्या एकटीसाठी नाही हो, पण दारात आली म्हणजे माझीच. तुमचे भाऊ गेले आणि प्रदीपने मला चामराजपेटेतून उचलून इथे शहराबाहेर आणलं, तेव्हापासून मी काय बघितलं असेल तर भिंती. इथे म्हणे पूर्वी द्राक्षांचे मळे होते. आता घरं पेरलीत. सगळी एकसारखी आणि सगळी बंद. रस्त्यात दिसलाच तर कुत्रा दिसतो, आणि त्याच्या मागे दोरी धरून माणूस. कुत्र्याशी बोलले तर माणूस हसतो, माणसाशी बोलले तर तो कानातलं काढून "सॉरी आंटी?" म्हणतो. बसथांबा गेटाच्या बाहेर लांब, रिक्षावाल्यांना आत सोडत नाहीत. एकदा मी वाट चुकून दुसऱ्याच्याच दाराची बेल दाबली, तर त्या घरची बाई दार न उघडता भिंतीतल्या पेटीतून बोलली. मला वाटलं भिंतच बोलली. असो, मी कुठे भरकटले.

तर काल सकाळी पांढरी गाडी. एका संस्थेची आहे, म्हाताऱ्यांसाठी. मंगळवारी आणि शुक्रवारी. मेघाश्री नावाची मुलगी असते, ती बटण दाबते आणि गाडीच्या पोटातून पायरी बाहेर येते, जिभेसारखी! पाय उचलायलाच नको. किल्ल्याच्या मागे त्यांचं केंद्र आहे. तिथे रक्तदाब बघतात, पेन्शनची अडलेली कामं करून देतात, दुपारचा ऊटा जेवू घालतात. पण ते जाऊ दे. वन्सं, तिथे माणसं आहेत! आणि मला नाव विचारलं. आजी नाही, अज्जी नाही, आंटी नाही. नाव. मला क्षणभर आठवून सांगावं लागलं.

एक अप्पासाहेब म्हणून आहेत, पत्त्यांत चोरी करतात आणि पकडलं की ऐकू येत नाही असं दाखवतात. मी म्हटलं, आमच्या वन्संना खरंच ऐकू येत नाही, पण त्या कधी एक पान चोरणार नाहीत.

आणि ऐका. ही गाडी तुमच्याकडेही सुरू होणार आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत आणि घरी कुणी नाही, त्यांच्याकडे तर माणूसच पाठवतात, बसायला, बोलायला, औषध आणून द्यायला. मी तुमचं नाव दिलंय. गाडीसाठी हं! माणूस पाठवायला तुम्हाला कसली कमी? तुमच्या यजमानांचं, खंडोजीरावांचं, शिवणकामाचं दुकान खाली होतं तेव्हापासून तुमचा जिना म्हणजे गावचा चव्हाटा. मला तर कधीकधी तुमचा हेवा वाटतो. खिडकी उघडली की जग.

उत्तर लिहा. लांब लिहा.

तुमची वहिनी,
शकुंतला

~

चामराजपेट
१६ ऑगस्ट

शकुंतलावहिनी,

आशीर्वाद. पत्र पोचलं. पोस्टमनने पाकीट हातावर तोलून दाखवलं, इतकं जड.

जीभ बाहेर काढणारी गाडी मी पाहिली नाही, जीभ बाहेर काढणारी माणसं पुष्कळ पाहिली. म्हाताऱ्यांनी गाडीत बसून म्हातारे बघायला जायचं, यात नाचण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. पण तू खुशीत आहेस, बरं वाटलं. दादा असता तर म्हणाला असता, शकुंतलेला एक ऐकणारा मिळाला की तिला जेवण नको.

मला इथे वेळ कुठे आहे? सकाळी येल्लम्मा फुलं घेऊन बसते. तिचं आणि कोथिंबीरवालीचं जागेवरून रोजचं भांडण, मग दोघी एकाच पेल्यातला कॉफीचा अर्धा अर्धा घोट पितात. शिंप्यांची पोरं विचारायला येतात, "अक्का, कॉलर फुगते, काय करू?" मी म्हणते, आधी डोकं इस्त्री कर. श्रावणात देवळात दोन्ही वेळा गर्दी. एकटं बसायचं म्हटलं तरी कुणी बसू देत नाही.

तेव्हा माझं नाव देऊन उगीच कुणाची जागा अडवू नकोस.

ती पायरी किती खाली येते गं? जमिनीला टेकते का? सहज विचारलं.

अंबू

~

देवनहळ्ळी
३ सप्टेंबर

वन्सं,

टेकते! अगदी जमिनीला टेकते. मी मेघाश्रीला मुद्दाम विचारलं, ती म्हणाली अज्जी, मुंगीसुद्धा चढेल. म्हणजे तुमचं मन झालंय, मला कळतं. तुमचं "सहज" मी पन्नास वर्षं ऐकलंय. लग्नानंतर तुम्ही सहज विचारलं होतं, पोळ्या कुणी केल्या, आणि मी दोन दिवस रडले होते.

इथे गणपतीत काय मजा झाली! केंद्रात गणपती बसवला. मी तळणीचे मोदक केले. तेलाजवळ उभं राहू देत नव्हते, म्हणे अज्जी भाजेल. मी म्हटलं बाळा, तुझ्या आईला नाकातला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी तळतेय. मग दिली कढई. अप्पासाहेबांनी एक मोदक खिशात घातला आणि त्यावरच बसले. सगळे एवढे हसलो की मेघाश्रीने पुन्हा सगळ्यांचे रक्तदाब बघितले.

घरी येऊन विद्याश्रीला सांगायला गेले. ती लॅपटॉपवरून म्हणाली, "हो का आई, छान." दोनदा म्हणाली. मी दोनदा सांगितलं म्हणून.

तुमच्याकडच्या केंद्रातून मला फोन आला होता बरं का. नाव मी दिलं ना, म्हणून. एक बाई विचारत होत्या, अंबूबाईंच्या घरी कोण असतं, कुणी येऊन जाऊन असतं का, की एकट्याच? मी म्हटलं, एकट्या? आमच्या वन्सं? अहो, त्यांच्या घरी पाय ठेवायला जागा नसते. फुलवाली काय, शिंप्यांची पोरं काय. तुमचं पत्रच पाठ म्हणून दाखवलं म्हणा ना. ती बाई म्हणाली, बरं झालं कळलं, मग आम्हाला काळजी नाही. एवढी गोड बोलली.

तुमची मान मी खाली जाऊ दिली नाही. आपल्या घराण्याचं नाव आहे त्या गल्लीत.

आता गाडी सुरू झाली की लिहा. नटून जा. ती जांभळी साडी नेसा.

शकुंतला

~

चामराजपेट
११ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तराला महिना लागला. आधी राग होता. मग राग गेला आणि लिहायला काही उरलं नाही. आज लिहिते, कारण खोटं लिहायचाही कंटाळा येतो.

मी संक्रांतीपासून खाली उतरलेले नाही. तिळगूळ द्यायला निघाले आणि जिन्याच्या वळणावर गुडघा निसटला. बसत, सरकत वर आले. तो लोखंडी गोल जिना तुला माहीत आहे. वरून वाकून बघितलं की विहिरीत बघितल्यासारखं होतं. तेव्हापासून वरच. सकाळी जिन्याच्या कठड्यावरून दोराने टोपली सोडते. भाजीवाली भाजी टाकते, पोस्टमन पत्र टाकतो आणि माझं उचलतो. मग दोर वर ओढून घेते, नाहीतर पोरं लोंबकळतात. इतकंच येणंजाणं.

येल्लम्मा बसते की नाही, मला माहीत नाही. आमच्या दुकानाच्या जागी आता एकजण फ्लेक्सचे बोर्ड छापतो. युगादीच्या पाडव्याला त्याने स्वतःच्या दुकानाचाच केवढा तरी बोर्ड लावला, तो माझ्या खिडकीवर आला. मला दिसते ती बोर्डाची मागची पांढरी बाजू आणि लाकडी पट्ट्या. उजेड येतो, माणसं येत नाहीत. कान तर आधीच गेले. तुला जे लिहिलं ते मागचं आहे. काही तर फारच मागचं. कॉलर विचारायला शेवटचा जो पोरगा आला होता, त्याच्या डोक्यावर आता केस नसतील.

तू नाव दिलंस म्हणून एक मुलगी आली होती, ऑगस्ट सरता सरता. आधी चिठ्ठी आली, अमुक दिवशी येतो. मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसले. ती जांभळी साडीच नेसले. आणि बाई, मी काय केलं असेल? तीन कप मांडले. दोन उष्टे करून ठेवले, जसं आत्ताच कुणी उठून गेलं. दाराबाहेर यांच्या चपला. त्या मी हे गेल्यापासून ठेवते. एकट्या बाईने दाराशी पुरुषाच्या चपला ठेवाव्यात, आईने सांगितलं होतं. रोज थोड्या हलवते, कुणी घालून आल्यासारख्या.

मुलीने चपला बघितल्या, कप बघितले, आणि मला ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहून विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, असतात सगळे, बाहेर गेलेत.

का म्हटलं? अगं, दारात आलेल्या परक्या पोरीला "घरात कुणी नाही" असं सांगायला आपली जीभ उचलत नाही. आपल्याला तसं वाढवलेलं नाही. वाटलं, बसेल जरा, पाणी घेईल, मग सांगू हळूच. ती बसलीच नाही. तिला आणखी घरं करायची होती. ती जिना उतरली आणि मी मनात म्हटलं, शकुंतलेला विचारतील. शकुंतलेच्या पोटात काही राहत नाही.

मग तुझं पत्र आलं.

तुला माहीत नव्हतं, मान्य. पण वहिनी, तू पानंच्या पानं लिहिलीस आणि एकदाही विचारलं नाहीस, वन्सं, जिना उतरता येतो का?

मान वर आहे. बाकीची मीही वरच आहे.

अंबू

~

देवनहळ्ळी
१५ ऑक्टोबर

वन्सं,

मी काय लिहू? काल केंद्रात गेले ती पत्र कमरेला खोचून गेले. गाडीतच मेघाश्रीला वाचून दाखवलं. तिला मराठी थोडंच समजतं, मी मोडक्या कन्नडमध्ये सांगत गेले. ती रडली. मग तिने फोन लावला. तिकडच्यांनी सांगितलं की घरी पाठवायला माणसं थोडी, ज्यांचं कुणीच नाही त्यांना आधी. तुमचं नाव यादीतून निघालं ते निघालं, आता पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं मग गाडी तरी पाठवा. तर म्हणाले, गाडी दारापर्यंत येते अज्जी. जिना आमच्याकडे येत नाही.

मी म्हटलं त्यांचं दारच जिन्याच्या वर आहे, मग?

प्रदीपला सांगितलं, आत्याला इथे आण. माझ्या खोलीत दोघी राहू. तुम्ही पलंगावर, मी खाली गादीवर. विद्याश्री माझी खोली बघून आली. ती खोली म्हणजे जिन्याखालची जागा आहे वन्सं, कपाट उघडलं तर दार मिटत नाही. प्रदीप म्हणाला, बघू, दिवाळीनंतर. प्रदीपचं "बघू" तुम्ही ओळखता. लहानपणी अभ्यासाला म्हणायचा, तेच.

मी तुम्हाला विचारलं नाही. खरंच विचारलं नाही. मला वाटलं, अडकलेली मी एकटीच.

जेवत जा. मी काहीतरी करते.

शकुंतला

~

देवनहळ्ळी
१९ नोव्हेंबर

वन्सं, वन्सं!

आधी बसा. बसलेल्याच असाल, बरं, मग उभ्या राहू नका. जमलं!

मी दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी त्या मेघाश्रीचं डोकं खाल्लं. ती दिसली की मी "अंबूबाई" म्हणायचे, नमस्काराच्या जागी. अप्पासाहेबांनीही पत्ते टाकून माझ्या बाजूने भांडण केलं, म्हणजे बघा. शेवटी तिने वरच्या साहेबांना गाठलं. येत्या २९ तारखेला, शनिवारी, तुमच्याकडच्या केंद्राचा मोठा कार्यक्रम आहे. त्या दिवसापुरती दोन माणसं आणि एक खुर्ची पाठवणार. पेशंटला नेतात तशी, पट्ट्यांची. तुम्हाला खुर्चीसकट खाली आणणार, गाडीत बसवणार, केंद्रात नेणार आणि परत वर सोडणार. एकदा नेऊन दाखवलं की पुढे नियम वाकेल, असं मेघाश्री म्हणते. ती तुमच्यासाठीच तिकडे थांबणार आहे.

आणि मी येणार! प्रदीपने गाडी काढायचं कबूल केलंय, विद्याश्रीच्या समोर. मी आधीच येऊन जिन्याखाली उभी राहते. तुम्ही उतराल तेव्हा पहिलं तोंड माझं दिसायला पाहिजे. मग कार्यक्रम बिर्यक्रम होऊ दे, आपण दोघी कुठेतरी बसून डोसा खाऊ. एक खाऊन दुसरा अर्धा अर्धा.

मला झोप येत नाही, एवढा आनंद झालाय. या वयात. निधी म्हणाली, आजी, तुझं लग्न आहे का?

जांभळी नेसा.

शकुंतला

~

चामराजपेट
५ डिसेंबर

वहिनी,

तू आली नाहीस. प्रदीपला काम निघालं असेल. मी विचारत नाही.

कसं झालं ते एकदाच लिहिते.

पोरं चांगली होती. मला खुर्चीला पट्ट्यांनी बांधलं. पण गोल जिन्याच्या वळणावर खुर्ची वळेना. मग त्यांनी ती मागे कलती करून जवळजवळ आडवी केली. थंडी वाजेल म्हणून पांढरी चादर घातली अंगावर, हनुवटीपर्यंत. पाय पुढे. अशी मी दोघांच्या हातांवरून खाली आले. पांढऱ्या चादरीत, बांधलेली, पाय आधी. काय दिसलं असेल, तूच सांग.

समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. गल्लीतून मयत निघालं की ओढतात, तसं. शेजारच्याने ओढलं, मग त्याच्या शेजारच्याने. एक स्कूटरवाला थांबला, त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं. एका बाईने लेकराचं तोंड पदरात घेतलं. मी चादरीतून हात काढून हलवला, म्हटलं, अरे जिवंत आहे मी. त्या बाईने अशी किंकाळी फोडली असावी की मलासुद्धा दिसली.

मग लोक हसले. मीही हसले. वाटलं, आता कुणीतरी पुढे येईल, म्हणेल, अंबूअक्का, किती दिवसांनी! मी एकेक तोंड बघत होते. येल्लम्माच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचा गाडा. कॉफीच्या दुकानाच्या जागी काचेचं दार. एकही तोंड माझं नाही. मेघाश्रीभोवती चारजण जमून काही विचारत होते. मी तिला खूण केली, काय म्हणतात? ती लिहीना. मी हट्टच धरला तेव्हा तिने लिहून दिलं. ते विचारत होते, वर कुणी राहतं का?

आमच्या दुकानात सगळ्या गल्लीचे कपडे शिवले गेले, वहिनी. अर्ध्या गल्लीच्या लग्नांचे.

केंद्रात खूप माणसं होती, सगळ्यांची तोंडं हलत होती. मला पंख्याखाली बसवलं. शाल घातली, फोटो काढला, शाल पुढच्या बाईच्या फोटोसाठी परत घेतली. कानाची डॉक्टर येते म्हणे, पण ती बुधवारी. मला शनिवारी आणलेलं. तू लिहिलं होतंस तसं कुणी माझं नाव विचारलंही असेल. मला कळलं नाही.

वर नेताना जिना हलला. एका पोराच्या पाठीत चमक भरली, तो भिंत धरून उभा राहिला. मेघाश्रीने जाताना लिहिलं, "अक्का, माफ करा, पुन्हा जमेल असं वाटत नाही." तिचा दोष नाही. तुझाही नाही.

मला एकच वाटतं. आता मला खाली न्यायला येतील तेव्हा गल्लीला काही वेगळं करायला नको. शटर ओढून झालंय, हेल्मेट काढून झालंय. त्यांच्या लेखी ते काम उरकलं.

यापुढे पत्र नाही आलं तरी चालेल. डोळ्यांना त्रास होतो. तू तुझ्या केंद्रात जात जा.

अंबू

~

देवनहळ्ळी
शुक्रवार, १९ डिसेंबर

वन्सं,

डोळ्यांना त्रास झाला तरी एवढं वाचा. मग नका वाचू.

त्या शनिवारी मी पहाटेच न्हाऊन, साडी नेसून सोफ्यावर बसले होते. पर्स मांडीवर. प्रदीपला फोन आला, त्याचं काहीतरी परदेशातलं बंद पडलं होतं. तो म्हणाला, दहा मिनिटं आई. मग म्हणाला, अर्धा तास. मग दार लावून आत बसला. दुपारी विद्याश्री म्हणाली, आई, आता साडी बदला. मी बदलली.

तुमचं पत्र आलं तेव्हापासून मला काही सुचेना. काल गुरुवारी सगळे गेल्यावर मी डबा भरला. भरली वांगी, ज्वारीच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी, तुम्हाला आवडते ती, डोळ्यांत पाणी आणणारी. कुणाला सांगितलं नाही. गेटापर्यंत चालत गेले. गेटवाल्याने विचारलं, कुठे? मी म्हटलं, नणंदेकडे. तो बिहारचा आहे, त्याला नणंद समजली, त्याने रस्त्यावरून रिक्षा थांबवून दिली. मग बस, मग दुसरी बस. कुणीतरी जागा दिली. मार्केटला उतरले तर कुठल्या बाजूला वळायचं तेच कळेना. पन्नास वर्षं राहिले मी तिथे! फुलांच्या वासावरून गेले. विचारत विचारत पोचले.

तुमचा बोर्ड बघितला. खिडकी अख्खी गेली हो त्याच्यामागे.

मी खालून हाक मारली. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी मारली. वन्सं! एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नाही. लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये. काल गेला. लोक थांबून बघत होते.

मग जिना चढायला लागले. डबा हातात. वळणापर्यंत गेले आणि सगळं फिरायला लागलं, पायरी कुठली आणि हवा कुठली कळेना. डोळे मिटून कठड्याला धरून उभी राहिले. तो फ्लेक्सवाला धावत आला. त्याने हात धरून एकेक पाऊल खाली आणलं, पाणी दिलं, "स्वल्प बसा अज्जी" म्हणाला. मला वाटलं होतं, त्याला चार शब्द सुनावीन बोर्डाबद्दल. पण तो इतका घाबरला होता.

त्यालाच वर पाठवलं. त्याने दार वाजवलं, लोखंडी सळीने वाजवलं. खाली मला ऐकू येत होतं. कडी आतून. तो बराच वेळ आलाच नाही, आणि मी वन्सं, मी खाली बसून सगळे देव आठवून घेतले. मग तो आला. म्हणाला, आहेत आत. दाराच्या फटीतून दिसतात. पाठ दिसते. खिडकीकडे तोंड करून बसल्यात.

मी म्हटलं, हलतात का? म्हणाला, हो, पदर सारखा केला.

मी म्हटलं, अजून एकदा वाजव. त्याने वाजवलं. दोर वर ओढलेला होता, सकाळीच ओढतात म्हणाला. म्हणजे हे त्याला माहीत आहे. दोर रोज बघतो, दोराच्या वर कोण आहे ते बघायला कधी वर चढला नाही.

मी तुमच्या जिन्याशी बसून राहिले. ऊन सरकलं. डबा उघडला, अर्धा त्याला दिला. त्याला चटणी झोंबली. शेवटची बस चुकू नये म्हणून उठले.

आणि वन्सं, त्याच्या दुकानात कागदच कागद होते. पेन होतं. एक चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली असती. शकुंतला आली आहे, कडी काढा, एवढंच. सुचलं नाही हो. हेब्बाळच्या पुलावर बस आली तेव्हा सुचलं. मी उठून दारापर्यंत गेले बसच्या. कंडक्टर म्हणाला, इथे उतरता येत नाही.

घरी पोचले तेव्हा प्रदीप गेटावर उभा होता. त्याने गेटवाल्यांना सांगून ठेवलंय, आईला एकटीला बाहेर सोडायचं नाही. त्या बिचाऱ्या बिहारच्याला काढलं बहुतेक, आज दुसराच होता.

आज शुक्रवार. गाडी आली होती. मेघाश्री दारात येऊन हाक मारून गेली. मी गेले नाही. सगळे नाव विचारतात ते आता नको वाटतं.

हे पत्र तुमच्या टोपलीत कधी पडेल, कुणास ठाऊक. पडलं तर एवढं कळू दे. काल दुपारी तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होता ना, तेव्हा मी खाली होते.

शकुंतला